फुंकर मारायची नाही

फुंकर मारली म्हणून जिच्याशी कडाक्याचं भांडण झालं, अशी जगात मी एकटीच बाई असेन. बरं, फुंकर कुणाच्या चुलीवर नाही की कुणाच्या दिव्यावर नाही. एका शिवणाच्या मशीनवर. आणि तीसुद्धा मदत करावी म्हणून!

झालं असं की, यांची टपालखात्यात रत्नागिरीला बदली झाली तेव्हा आमचं लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. मी घाटावरची. समुद्र सोडा, खाडीसुद्धा आधी पाहिलेली नव्हती. आम्हाला जागा मिळाली ती भाट्याच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका आळीत. चिऱ्याचं कौलारू घर, त्यात दोन बिऱ्हाडं आणि दोघांत मिळून एकच लांबलचक पडवी. एका बिऱ्हाडात आम्ही, दुसऱ्यात काकी आणि त्यांच्या म्हाताऱ्या सासूबाई. काकी चाळिशीच्या असतील. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. अंगाने काडी, पण आवाज असा की माडावर चढलेला माणूस खाली बघेल.

त्यांच्याकडे ओव्हरलॉकची मशीन होती. बाजारातले शिंपी ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश बेतायचे आणि कापडाच्या कडेचे दोरे निघू नयेत म्हणून गठ्ठे बांधून काकींकडे पाठवायचे. साधी मशीन नुसती शिवते. ही एकीकडे कड कापते आणि त्याच दमात तिला तीन दोऱ्यांनी बांधून टाकते. कापताना कापडाची लव उडते, आणि ती सगळी मशीनच्या पोटात जाऊन बसते. पहिल्या दिवशी मी शेजारधर्म म्हणून गेले, तेव्हा काकी मशीनची पुढची झाकणं उघडून टूथब्रशने ती लव काढत होत्या. एक पुंजका आत अडकला होता. मी आपली पुढे झाले, वाकले आणि मारली फुंकर.

"अगो बाय! काय केलंस ता?"

मी दचकून मागे सरले. मला वाटलं, हात बित कापला यांचा.

"तोंडातनं थुंकी उडते, ठाऊक हाय काय? बाहेरचं खारं वारं पुरे नाय झालं, म्हणून तू घरातलं घालतेस? उद्या इथं तांबेरा चढेल. चढेल म्हणजे चढेल! आणि लव बाहेर नाय गेली, उलट आत घुसली. आता मी ती काय तुझ्या जिभेने काढू?"

मीही काही मुकी नव्हते. म्हटलं, "एवढं काय झालं? मशीनच आहे, देव्हारा नाही."

"देव्हाऱ्यात फुंकर मारलीस तर देव काय म्हणणार नाय. ही म्हणते!" असं म्हणून त्यांनी मला सरळ पडवीत काढलं आणि दार लोटून घेतलं. घरी येऊन मी यांना सांगितलं, की शेजारी एक वेडी बाई राहते, आपण जागा बदलू. हे म्हणाले, बघू. जागा बदलली नाही ते फार बरं झालं.

आळीत त्यांना सगळे वेडीच म्हणायचे. तोंडावर नाही, तेवढी छाती कुणाची नव्हती. पण मागे म्हणायचेच. आणि म्हणायला कारणंही होती, खोटं कशाला बोला? सगळ्या कोकणातल्या बायका डोक्याला खोबरेल थापतात. काकींचे केस कायम कोरडे, भुरभुर उडणारे. का, तर केसांचं तेल हाताला लागतं, हाताचं दोऱ्याला लागतं आणि तेलकट दोऱ्याला लव चिकटते. त्यांच्या सासूबाई रोज वाटीत तेल घेऊन मागे लागायच्या, "गो, बोटभर तरी लावून घे, चेटकिणीसारखी दिसतेस." काकी म्हणायच्या, "दिसूं दे. चेटकिणीला लोक भितात तरी."

पावसाळ्यात तर विचारूच नका. आमच्या खोलीत चपलांना बुरशी यायची, पापडांना यायची, एकदा यांच्या पट्ट्याला आली. काकींच्या मशीनला मात्र गंजाचा ठिपका नाही. मशीनवर झाकण म्हणून एक खोकं उपडं घातलेलं आणि त्याच्या आत, कापडाला लागणार नाही असा, एक बारका बल्ब दिवसरात्र पेटलेला. घरमालक विजेवरून कुरकुरला तेव्हा काकींनी त्याला ऐकवलं, "माझ्या खोलीतला दिवा मी लावत नाय, अंधारात जेवते. तो उजेड मी हिला दिलाय. तुमचं काय गेलं?" आणि खरंच त्या सासवासुना चिमणीच्या उजेडात जेवायच्या. त्यावर घरमालक तरी काय बोलणार!

खंडेनवमीची गंमत तर आळीला पाठ होती. त्या दिवशी घरोघर कोयते, विळ्या, करवती पुसून मांडतात, हळदकुंकू लावतात, गोंड्याची फुलं वाहतात आणि हत्याराला विसावा देतात. शिंपीही आपापली मशीन बंद ठेवतात. काकी त्या दिवशी सकाळी सोवळ्यात असल्यासारख्या अंघोळ करून यायच्या, पडवीत पांढरं धोतर अंथरायच्या आणि मशीन खोलायला बसायच्या. सुई काढायची, प्लेट काढायची, पाती काढायची. एकेक तुकडा ज्या क्रमाने निघाला त्या क्रमाने धोतरावर डावीकडून उजवीकडे मांडायचा. मग वाटीत रॉकेल आणि हातात कोंबडीचं पीस. ब्रश जिथे पोचत नाही तिथे पीस पोचतं, आणि त्याचे केस गळत नाहीत. ते पीस त्या पलीकडच्या आळीतून मागून आणायच्या, स्वतः पारखून. पंखाचं हवं, शेपटीचं नको.

एका वर्षी आळीतल्या एक वयस्क बाई हळदकुंकवाची वाटी घेऊन आल्या. म्हणाल्या, "लक्ष्मी हाय ती तुझी. एक बोट तरी लाव."

"लक्ष्मी हाय म्हणूनच लावत नाय. कुंकू हे पण पूडच. तेलात बसलं की चिखल. आणि गोंड्याची पाकळी लूपरात गेली तर काढायला देव येणार हाय काय?"

"अगो, पण पूजा?"

"ही काय करतेय मग? देवाला पण तुम्ही आधी अंघोळच घालता ना?"

लूपर म्हणजे मशीनच्या पोटात दोरा फिरवणारे दोन वाकडे दात. त्या बाईंना ते काय ठाऊक! पण त्या कपाळाला हात लावून गेल्या आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीत झालं, की काकींनी देवाला नाकारलं. काकींना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बरं झालं. आता दसऱ्याला कोण बोलवायचं नाय, तेवढं काम उरकेल."

हळूहळू मी त्यांच्याकडे जायला लागले. भांडण काही मिटलं नाही, ते आपोआप जुनं झालं. मी काजं करायची, बटणं लावायची, गठ्ठे सोडायची. मशीनला हात लावायचा हक्क मिळायला मात्र फार वाट बघावी लागली. आधी हात साबणाने धुवायचे, मग चिंधीने कोरडे करायचे, मग काकींना दाखवायचे. दोरा संपत आला तर तो पूर्ण संपू द्यायचा नाही. नव्या दोऱ्याची जुन्याला गाठ मारायची आणि हलकेच ओढून घ्यायचा, म्हणजे सगळी वाट पुन्हा ओवत बसावं लागत नाही. तुटलाच तर आधी लूपर ओवायचे, सुई शेवटी. मी एकदा सुई आधी ओवली. काकी नुसत्या बघत राहिल्या. मी पायपट्टी दाबली आणि दोरा तटकन तुटला. "हां," त्या म्हणाल्या, "आता तुला कळलं. मी सांगितलं असतं तर कळलं नसतं."

त्यांच्या आयुष्यात मिस्त्री नावाचा प्राणी एकदाच आला होता, नवरा असताना. कोल्हापुराकडचा होता. तोंडात तंबाखूचा बार भरून तो मशीनवर वाकला, तेव्हा काकींनी त्याला उठवून आधी चूळ भरायला लावली. तो चिडला आणि म्हणाला, बाई, तुम्ही स्वयंपाकघरात बसा. काकी बसल्या नाहीत. तो कुठला स्क्रू कसा सैल करतो, काय कशाच्या आधी काढतो, सगळं त्यांनी उभ्याने पाहिलं. तो गेल्यावर म्हणाल्या, "ह्याला परत बोलवायचा नाय. त्यानं पाती उलटी बसवलीय." नवऱ्याने तपासली, तर बसवली होती खरी उलटी. हा किस्सा काकी इतक्या वेळा सांगायच्या, की मिस्त्रीचं पोट दर खेपेला थोडं मोठं व्हायचं.

पण हे सगळं वेड कशापायी, हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. मला कोडं पडायचं ते वेगळ्याच गोष्टीचं. काम असो नसो, काकी रोज मशीन चालवायच्याच. गठ्ठा नसला तर चिंधी घालायच्या. अंगात ताप असला तरी भिंतीला धरून यायच्या, टरर्र करून चार बोटं चिंधी शिवायच्या आणि पुन्हा जाऊन पडायच्या. त्यांचं गाव पालीच्या आत. गणपतीला सासवासुना गावी जायच्या, पण काकी तिथूनही रोज सकाळच्या एसटीने रत्नागिरीला यायच्या, कुलूप उघडायच्या, मशीन चालवायच्या आणि दुपारच्या गाडीने परत. गौरी जेवणार त्या दिवशीसुद्धा! गावातले लोक हसायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "बंद ठेवली तर रुसते."

खरं काय ते सासूबाईंनी सांगितलं. आम्ही दोघी पडवीत कुळीथ निवडत होतो आणि काकी बाजारात गेल्या होत्या.

काकींचा नवरा मुंबईत कपड्याच्या एका कारखान्यात होता. छातीचं दुखणं लागलं तेव्हा तो गावाकडे परतला आणि येताना ही वापरलेली मशीन घेऊन आला. दोघांनी मिळून इथे धंदा मांडला, आणि थोड्याच वर्षांत तो गेला. काकींचा धाकटा दीर मुंबईतच, त्याचं परकर शिवायचं छोटं दुकान. तेराव्याला सगळे जमले होते. जेवणं झाल्यावर दीर सगळ्यांसमोर म्हणाला, "दादाची मशीन म्हणजे घरची मशीन. मी काय आत्ता नेत नाय. वहिनीनं वापरावी. पण असली मशीन बाईमाणसाला सांभाळता यायची नाय, आणि गंजून मातीत जायला नको. तेव्हा चालतेय तोवर तिची. बंद पडली की मी घेऊन जाईन." चुलते, मामे, गावचे जाणते, सगळे म्हणाले, बरोबर आहे. उदार आहे पोरगा.

"आणि काकी काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"तिला कोण इचारतंय?" सासूबाई म्हणाल्या. "ती आत होती. मंडळी पानसुपारी खात होती आणि आतनं मशीनचा आवाज सुरू झाला. तेराव्याच्या दिवशी, गो! सगळ्यांनी नाकं मुरडली. ता दिवस आणि आजचा दिवस, तिनं आवाज थांबू दिलेला नाय."

"आणि तुम्ही? तुम्ही काय बोललात?"

सासूबाई कुळथातला खडा शोधत राहिल्या. "तो पण माझाच पोरगा," एवढंच म्हणाल्या.

मला इतका संताप आला, की माझ्या हातातलं सूपच कलंडलं. म्हणजे ही बाई तापात उठते, सणाला जेवण सोडून एसटीत बसते, अंधारात जेवते, ती कुणाच्या वेडापायी नव्हे, तर एका माणसाने पानसुपारी खाता खाता टाकलेल्या वाक्यापायी! आणि वेडी कोण? तर ही! त्या दिवसापासून आळीत कुणी काकींना वेडी म्हटलं, की मी भांडायचे. यांना ऑफिसातही ऐकावं लागलं, की तुमच्या बायकोचं तोंड फार आहे. आहे! असलंच पाहिजे!

दीर वर्षातून दोनदा यायचा, गणपतीच्या आधी आणि शिमग्याला गावी जाताना. गोरागोमटा, हसतमुख, मुंबईची बिस्किटं आणणारा. माणूस म्हणून वाईट म्हणावा असं काही नव्हतं त्याच्यात, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा. वाईट माणसाला निदान शिव्या तरी देता येतात. तो आला की आधी आईच्या पाया पडायचा आणि मग पाणी प्यायच्या आधीच मशीनपाशी जाऊन तिचं चाक हाताने फिरवून बघायचा. "चालतेय काय वहिनी?" काकी म्हणायच्या, "चालतेय भावोजी." इतकंच. पण तो येणार म्हटलं, की आधी दोन दिवस काकी जेवण सोडून मशीनच पुसत बसायच्या.

आणि एका वर्षी तो अवचित आला. माघी गणपतीचे दिवस होते.

त्या आधीचा आठवडा काकींनी गणवेशांच्या गठ्ठ्यांत घालवला होता. शेवटच्या दिवशी त्यांना ताप भरला. तरी त्यांनी काम पुरं केलं, पण रोजच्यासारखी मशीन साफ न करता, बल्बाचं खोकंही न घालता जाऊन पडल्या. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच घडत होतं. थंडी कोकणात कसली पडते म्हणा, पण त्या पहाटे चांगलीच पडली. मी पाणी तापवत होते, तेवढ्यात पलीकडून काकींचा आवाज आला. आवाज कसला, नुसतं माझं नाव. त्या मला कधी नावाने हाक मारत नसत.

मी गेले. काकी मशीनसमोर उभ्या होत्या आणि दोन्ही हातांनी चाक धरलं होतं. चाक हलत नव्हतं.

"सुई अडकली असेल," मी म्हटलं.

"सुई काढलीय."

त्यांनी झाकण उघडलं. आत बघितलं तर लूपरांना, कापड सरकवणाऱ्या दातांना, पात्यांच्या बुडाशी पांढरं पांढरं काहीतरी चिकटलेलं, थिजलेल्या तुपासारखं, आणि त्यात आदल्या दिवसाची लव मळून बसलेली. काकींनी बोटाने थोडं काढलं आणि नाकाशी नेलं.

"खोबरेल!" त्या म्हणाल्या.

सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या. "मीच घातलं गो. काल तू पडलीस. मला वाटलं, तिला कोरडी कशी ठेवायची. बाटलीतलं तुझं तेल सापडेना, म्हणून घरचं घातलं. भोकं भोकं बघून घातलं. तू तुझ्या डोक्याला लावू देत नायस..."

मी काकींच्या तोंडाकडे बघत होते. एका फुंकरीसाठी मला घराबाहेर काढलं होतं या बाईने. आता काय होतंय देव जाणे!

काकी म्हणाल्या, "आई, तुमच्या तेलाने गंज तरी चढायचा नाय. बसा इथं. पीस धरता येईल काय तुम्हाला?"

धोतर अंथरलं. ऊन पडवीत येईपर्यंत अर्धी मशीन खोलून झाली होती. मी रॉकेल ओतत होते, काकी तुकडे काढत होत्या, सासूबाई पिसाने घासत होत्या. आणि तेवढ्यात आळीत टेम्पो थांबला. दीर खाली उतरला. ओळखीच्या माणसाचा टेम्पो माल टाकायला रत्नागिरीला येत होता, परत रिकामाच जाणार होता, म्हटलं चला, देवाचं दर्शन पण होईल, असं तो हसत हसत सांगत पायऱ्या चढला. आणि धोतर बघून थांबला.

"बंद पडली?" त्याने विचारलं.

काकींनी पुढचा तुकडा काढून धोतरावर ठेवला.

"वहिनी, टेन्शन घेऊ नका. मशीन आहे, कधी ना कधी पडायचीच. तुम्ही खूप वर्षं चालवली, मानलं तुम्हाला. आता सगळं तसंच गाठोड्यात बांधा, मुंबईला माझा मेकॅनिक बघेल. टेम्पो आहेच दारात."

"चहा घ्या भावोजी," काकी मान वर न करता म्हणाल्या. "आधी हात धुवा."

तो पडवीच्या कडेला बसला. मी चहा दिला. साखर घातली नाही, मुद्दाम. टेम्पोवाला खाली बिडी ओढत होता. काकींनी सगळे तुकडे उन्हात मांडले. ऊन चढलं तसं खोबरेल सुटलं, धोतरावर डाग पसरत गेले. पुसलं, पुन्हा रॉकेल, पुन्हा पुसलं, मग मशीनच्या तेलाचा एकेक थेंब. काकींना ताप होताच, कपाळाचा घाम त्या कोपराने टिपत होत्या. एक बारका स्क्रू घरंगळून दिराच्या पायाशी गेला. त्याने तो उचलून दिला, आणि काकींनी तो पुन्हा पुसून घेतला. आळीतल्या बायका एकेक करून कुंपणाशी जमल्या होत्या. काकी आता मशीन एकेक तुकड्याने परत जोडत होत्या, उजवीकडून डावीकडे.

सगळं बसलं. दोरे ओवले, सुई शेवटी. काकींनी चिंधी घातली आणि पायपट्टी दाबली.

पहिली टीप सुटली. दुसऱ्या वेळी चिंधीवर मळकट तेलाचा पट्टा आला. काकींनी पेच जरासा फिरवला आणि पुन्हा चिंधी घातली. टरर्र! कड सरळ कापली गेली आणि तीन दोऱ्यांनी घट्ट बांधली गेली. कुंपणापाशी कुणीतरी "गो बाय माझे" म्हटलं. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या, त्यात लाजायचं काय!

दीर उठला. चिंधी हातात घेऊन त्याने ओढून पाहिली. मनापासून हसला. "मानलं वहिनी! चालली. मग काय, ठेवा तुमच्याकडेच. आता शिमग्याला येईन तेव्हा बघू."

काकींनी त्याच्या हातातली चिंधी काढून घेतली. सुईचा स्क्रू सैल केला, सुई काढून ठेवली. तिन्ही दोरे कापले. मोटरचं बटण बंद केलं, पिन उपटली, आणि खोकं उचलून मशीनवर उपडं घातलं.

"बंद झाली," त्या म्हणाल्या. "न्या."

"अहो वहिनी, चालली ना आत्ता..."

"चालली. आणि मी बंद केली. चालतेय तोवर माझी, बंद झाली की तुमची, असंच ठरवलंत ना सगळ्यांनी मिळून? मला कुणी इचारलं होतं? तुमचा दादा छाती धरून शिवायचा तेव्हा त्याच्या शेजारी कोण बसायचं? तुम्ही? तुम्ही मला ठेवा म्हणणारे कोण? इतकी वर्षं मी तापात उठले, सणाला उपाशी गाडीत बसले, का, तर तुम्ही येऊन चाक फिरवून बघणार! आज बंद हाय. उद्या बंद. मला वाटलं तर अख्खा शिमगा बंद ठेवीन. माझी मशीन हाय, ती माझ्या मर्जीनं चालेल आणि माझ्या मर्जीनं बंद राहील. आता उचला आणि ठेवा टेम्पोत. बघू दे मला."

दीर हसायचा प्रयत्न करत होता. त्याने आईकडे पाहिलं. "आये, तू तरी सांग तिला."

सासूबाईंचे दोन्ही हात अजून रॉकेलने भिजलेले होते. त्या उठल्या, गुडघ्यावर हात टेकत मशीनपाशी गेल्या आणि मशीनच्या स्टुलावर, दिराकडे तोंड करून बसल्या. "तेराव्याला सांगायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "तेव्हा गप बसले. जेवून जा हवं तर. ही जाणार नाय."

तो जेवला नाही. टेम्पो रिकामाच गेला. काकींनी धोतर गोळा केलं, हात धुतले आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या. मी डोकावले तेव्हा चक्क घोरत होत्या.

दुपारी बाजारातून शिंप्याचा माणूस गठ्ठा घेऊन आला. पडवीत शांतता बघून तो गोंधळला. सासूबाई अजून त्या स्टुलावरच बसलेल्या होत्या.

"काय आजी, आज आवाज नाय? मशीन बिघडली?"

"बिघडायला काय झालंय तिला?" सासूबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या. "बंद ठेवलीय. आमची सून झोपलीय. उद्या ये. नायतर परवा ये."